शेलारचा रोमन नागरिक

भोईर सरांची ओळख ज्याला ज्याला झाली, ती डबा उघडताना झाली. माझीही तशीच झाली. शाळेतला माझा पहिला दिवस होता. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतली कोपऱ्यातली खुर्ची धरून मी डब्याचं झाकण काढते आहे, तोच समोरच्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी विचारलं, "बाई, रोममध्ये धोबी कपडे कशाने धूत, सांगा बघू?"

मला वाटलं, नव्या माणसाशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून विचारत असतील. मी म्हटलं, "रिठ्याने?"

"मुताने," सर म्हणाले. "माणसांच्या. गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मडकी ठेवलेली असत. येणाऱ्या-जाणाऱ्याने भरायची. चांगलं आंबलं, की त्यात कपडे तुडवायचे. काय पांढरंशुभ्र कापड निघायचं!" आणि तो पांढरा रंग कसा, हे दाखवायला त्यांनी माझ्या दहीभाताकडे बोट केलं.

त्या दिवशी मी दहीभात खाल्ला नाही. बाकीचे शिक्षक मात्र निवांत जेवत होते. त्यांचे पहिले दिवस केव्हाच होऊन गेले होते.

भोईर सर आमच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवत. राहायला भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावात. भावांनी आपापल्या जमिनी गोदामांना दिल्या, बंगले बांधले. सरांच्या वाट्याला जुनं बैठं घर आणि परसातलं चिंचेचं झाड आलं, आणि तेवढ्यावर ते खूश होते. आयुष्यात नाशिकच्या पलीकडे गेले नव्हते. पण रोमच्या कुठल्या गल्लीत सकाळी पावाची भट्टी कधी पेटते, हे त्यांना भिवंडीतल्या नारपोलीच्या भट्टीपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. कोणी विचारलं, "सर, एकदा जाऊन या की रोमला," तर म्हणायचे, "जाऊन काय बघू? आता तिथं सगळे इटलीचे लोक राहतात."

नववीच्या पुस्तकात रोम अर्ध्या पानाचा. ते अर्धं पान सरांना दिवाळीपासून नाताळपर्यंत पुरायचं. त्यात राजे नसत, लढाया नसत. लोक काय खात, कुठे अंघोळ करत, भाडं थकलं की घरमालक काय करी, हेच सगळं. माझा शिवणाचा वर्ग शेजारच्याच खोलीत, त्यामुळे मशीन थांबलं की मला रोम ऐकू यायचा.

"रोममध्ये दिवसा बैलगाड्यांना बंदी. मग रात्री सगळ्या एकदम घुसायच्या. चाकांचा खडखडाट, गाडीवाल्यांच्या शिव्या. माणसाला झोप म्हणून न्हाय! आता सांगा, हे कुठलं शहर?"

अख्खा वर्ग ओरडायचा, "भिवंडी!"

"बरोबर. चपला बदलल्या, माणूस तोच हाय."

हे त्यांचं पालुपद. सर बोलायचे शुद्ध, पण रंगात आले की शेलार वर यायचं. रोमन लोक सकाळी उठून बड्या माणसाच्या ओसरीवर हजेरी लावत, हे सांगताना ते आमच्याकडच्या नगरसेवकाच्या ऑफिसबाहेरची रांग आठवायला सांगत आणि म्हणत, "चपला बदलल्या, माणूस तोच हाय." सार्वजनिक संडासात रोमन लोक शेजारी शेजारी बसून गप्पा मारत, हे ऐकून पोरं हसून बाकांखाली जात. तिथे मात्र सर नुसतेच गंभीर होत. "हसू नका. माणूस माणसाशी बोलत होता," म्हणायचे.

एकदा त्यांनी रोमन चटणी केली. मासळी मिठात घालून उन्हात कुजवायची आणि वरचं पाणी काढून सगळ्या जेवणावर शिंपडायचं, अशी काहीतरी ती पाककृती. "आमच्या आया जवळा वाळवतात तेव्हा नाकं मुरडता, आणि रोमन लोकांनी केलं की संस्कृती?" असं आम्हा शाकाहारी बायकांना सुनावून त्यांनी बरणी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. शनिवारी दुपारी तिचं झाकण उडालं. सोमवारी आम्ही खोलीच्या दारापर्यंतच जाऊ शकलो. कपाटात दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर होते. त्या वर्षी पालकांनी ते पेपर हातात धरून, मान वळवून मार्क बघितले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून विचारलं, "हे काय आहे?" सर म्हणाले, "बाई, दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच भिवंडीत झालंय."

रोमच्या जोडीला एक नाटक असायचं. तेही दोन हजार वर्षांपूर्वीचं. एक खडूस म्हातारा, त्याची भांडकुदळ बायको, एक लबाड नोकर आणि शेजारच्या घरातली मुलगी. सरांनी ते इंग्रजीतून मराठीत आणलं होतं, आणि मराठी म्हणजे शेलारची. त्यातला नोकर "न्हाय वो मालक, माजा काय संबंध?" असं म्हणायचा. पद्धत अशी, की नाटकातलं एक वाक्य वाचायचं आणि त्यावरून रोम सुरू करायचा. नोकर दार वाजवतो, असं पहिल्याच पानावर आहे. मग रोमन दारं, कड्या, कुलपं, दारात बांधलेली कुत्री. त्यामुळे दिवाळीनंतर दारात येऊन उभा राहिलेला तो नोकर नाताळ आला तरी बिचारा तिथेच असायचा. एवढ्या वर्षांत एकाही वर्गाने त्या नाटकाचा शेवट पाहिला नव्हता.

माझं आणि सरांचं भांडण टोग्यावरून. टोगा म्हणजे रोमन नागरिकाचं अंगवस्त्र. भलंमोठं कापड, अंगाभोवती गुंडाळायचं, डाव्या खांद्यावरून सोडायचं आणि डाव्या हातावर सांभाळायचं. टाका नाही, बटण नाही, नाडी नाही. मी जन्मभर शिवण शिकवते. ज्या कापडाला सुई लागली नाही त्याला मी कपडा म्हणत नाही, चादर म्हणते. तसं मी बोलून दाखवलं.

"बाई, तोच तर मुद्दा हाय," सर म्हणाले. "टोगा घातला की माणसाला पळता येत न्हाय, ओझं उचलता येत न्हाय, खाजवता येत न्हाय. म्हणूनच तो नागरिक."

"मग घालायचा कशाला?"

"हे रोमन लोकपण विचारायचे," सर म्हणाले. एवढं प्रामाणिक उत्तर त्यांनी दिल्यावर माझा नाइलाज झाला.

सरांच्या घरात ते एकटेच होते, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. त्यांच्या डब्यात रोज भाकरी आणि काहीतरी कोरडं असायचं, आणि भाकरीची एक बाजू नेहमी करपलेली. मी मनात वहिनींना नावं ठेवायचे. मग कोणीतरी सांगितलं, की वहिनी वज्रेश्वरीला असतात.

भांडण नाही, काडीमोड नाही. मूलबाळ नव्हतं, पण त्यावरूनही कधी काही नाही. वहिनींचं माहेर वज्रेश्वरीचं, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आईचं दुकान: नारळ, ओटीचं सामान, खडीसाखर. आईला अर्धांगवायू झाला म्हणून वहिनी तिकडे गेल्या. दुकान सांभाळलं, आईचं केलं. पुढे आई गेली. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं. सरांना वाटलं, आता ही येईल. वहिनींना वाटलं, आता हे न्यायला येतील. आणि असं वाटण्यात वर्षं गेली. शेलारहून वज्रेश्वरीला सरळ बस आहे. तास-दीड तासाचा रस्ता.

हे ऐकल्यावर मला सरांचा राग आला. रोमन गुलाम न्याहारीला काय खात, यावर जो माणूस दोन तास बोलू शकतो, त्याला बायकोला "घरी चल" हे दोन शब्द बोलता येऊ नयेत?

आणि मग सहलीचं कोडं सुटलं. सर दर वर्षी नववीचा वर्ग घेऊन वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जात. रोमन स्नानगृहं शिकवायला. शाळेत सगळे हसायचे. दुसऱ्या शाळांची पोरं वॉटर पार्कला जातात आणि आमची वज्रेश्वरीला, म्हणून पालकही कुरकुरायचे. मुलींबरोबर बाई हवी म्हणून एका वर्षी मला पाठवलं.

सरांनी कुंडांपाशी उभं राहून गार पाण्याची खोली, कोमट पाण्याची खोली, कढत पाण्याची खोली असं सगळं समजावलं. रोमन लोक साबणाऐवजी अंगाला तेल लावून पत्र्याच्या खरवडणीने मळ काढत, ते एका पोराच्या हातावर फूटपट्टीने करून दाखवलं. तिथे आलेले भाविकही थांबून ऐकायला लागले. एक म्हातारा पाय पाण्यात सोडून बसला होता, तो म्हणाला, "मास्तर, रोमला वज्राबाई हाय का?" सर म्हणाले, "दुसऱ्या नावाने हाय."

इथपर्यंत सर नेहमीचे सर होते. मग पोरांना घेऊन ते देवळाच्या रस्त्याला लागले आणि त्यांची चाल बदलली. एका दुकानासमोर आले, उभे राहिले. दुकानात ठसठशीत कुंकवाची, जाड बांगड्यांची एक बाई नारळ पुसत होती. तिने वर पाहिलं.

"आले काय," ती म्हणाली.

"आलो," सर म्हणाले. "ही नववीची मुलं."

"मागल्या सालची मोठी व्हती."

"हो. ती दहावीत गेली."

एवढंच. मग सरांनी खडीसाखर मागितली. वहिनींनी तोलली. सरांनी अजून मागितली. वहिनींनी अजून तोलली. पोरांच्या हातावर त्यांनी शेंगदाण्याचा एकेक लाडू ठेवला. सगळा वेळ सर दुकानाच्या छपराकडे बघत होते. मी वहिनींना माझी ओळख करून दिली, तर त्या हळूच म्हणाल्या, "बारीक झालेत. भाकरी जालतात का अजून?" मी हो म्हटलं. त्या पुन्हा नारळ पुसायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या पुढच्या बाकावर होते, मांडीवर खडीसाखरेच्या पिशव्या. मी विचारलंच. "सर, बोललात का काही?"

"या वर्षी बोलणार व्हतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "गर्दी व्हती."

त्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. म्हणजे पुढच्या वर्षी वर्ग नाही, आणि वर्ग नाही म्हणजे वज्रेश्वरीला जायचं निमित्त नाही. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. कदाचित म्हणूनच त्यांनी त्या वर्षी मोठ्या बाईंपुढे हट्ट धरला, की स्नेहसंमेलनात रोमचं नाटक शेवटापर्यंत करायचं. आणि मला म्हणाले, "नाटकाला तिला बोलवावं म्हणतो. कसं बोलवायचं असतं, बाई?" मी म्हटलं, "फोन लावायचा आणि ये म्हणायचं." ते मान हलवत निघून गेले, जणू मी त्यांना पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी समुद्रात ढकललं होतं.

तालमी सुरू झाल्या. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम सरांनी कोणाला दिलंच नाही. बघू, बघू म्हणत तिची वाक्यं ते स्वतःच वाचायचे. मूळ नाटकात ही बायको नुसती कडाकडा भांडते, असं सरच सांगत. पण भाषांतरात ती मध्येच म्हणायची, "उन्हातून आलात, पानी घ्या आधी." मी विचारलं, हे मुळात आहे का? सर म्हणाले, "मुळात नसंल. पण कदीतरी म्हनाली असंल ना."

टोग्यासाठी कापड आणायला आम्ही नारपोलीला गेलो. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे तिथे कापड विणायचे लूम आहेत. त्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. सर ओरडले, "चाचा, कोरा सफेद कपडा चाहिए. बिना सिला. एक आदमी का छे मीटर. दस-बारा आदमी का!"

चाचांनी हात वर करून जवळचे लूम बंद करायला लावले. खोलीत एकदम शांतता झाली. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कब हुआ, सर?"

"अभी नहीं हुआ. अगले शनिवार को है," सर म्हणाले.

चाचा खाली बसले. मीच पुढे होऊन सांगितलं, "चाचा, नाटक है. बच्चों का नाटक." मग चाचा इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. पण कापड मोजून देताना म्हणाले, "बाई, इसपे कुछ रंग का लगा दो. ऐसा सादा घर मत ले जाओ. अच्छा नहीं दिखता."

माणूस शहाणा होता. मी सरांना म्हटलं, मी सगळ्यांना जांभळी किनार लावते. सर म्हणाले, किनार फक्त अधिकाऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या टोग्याला असते. मी म्हटलं, "मग आपली लहान मुलंच आहेत." इथे ते सापडले. पोरांची कापडं मी मशीनवर घेतली, जन्मात पहिल्यांदा टोग्याला सुई लागली. पण म्हाताऱ्याच्या कापडाला सरांनी हात लावू दिला नाही. "तो साधा नागरिक. त्याला कोरंच हवं." ते एक कापड घडी करून काखेत मारलं आणि नेसायचा सराव करतो म्हणून शेलारला घेऊन गेले.

यापुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. संध्याकाळी सर घरी पोचले तेव्हा शेजारच्या यशोदाकाकू अंगणात भात पाखडत होत्या. त्यांनी काखेतलं कापड पाहिलं. कोरं, पांढरं, बिनकिनारीचं. काकूंनी विचारलं, "मास्तर, कोन गेला?"

"कोन न्हाय," सर म्हणाले. "लागंल म्हणून आणून ठेवलंय." आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडे असं कापड दोनच माणसं आणतात. घरात कोणी गेलं असेल तो, नाहीतर ज्याला आपलं करणारं मागे कोणी नाही तो. म्हातारे-कोतारे असतात असे, आपलं कापड आपणच आणून पेटीत ठेवतात. काकूंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी दार वाजवलं तर घराला कुलूप. सर तालमीसाठी लवकर निघाले होते, पण हे काकूंना काय माहीत! त्यांनी पहिली बस धरली आणि वज्रेश्वरीच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. "मंदे, तुज्या मास्तरनी सोताचा कापड सोता आनून ठेवलाय. आनि सकालपासून त्यांचा पत्त्या न्हाय."

वहिनींनी त्या दिवशी किती वर्षांनी सरांना फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. फोन सरांच्या पॅंटच्या खिशात होता आणि पॅंट शिक्षकांच्या खोलीत खुंटीला. टोग्याला खिसा नसतो.

दुपारी सभागृहात जेवणाच्या प्रवेशाची तालीम चालली होती. रोमन माणूस मेजवानीला आडवा होऊन जेवतो. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोराला डाव्या कोपरावर नीट पडता येईना, उलटाच व्हायचा. म्हणून सर स्वतः टोगा नेसून जोडलेल्या बाकांवर आडवे झाले होते. "बघा, असं. अंग सैल सोडायचं. पोट भरलं की डोळे मिटायचे." आणि त्यांनी पाठीवर होऊन डोळे मिटले. बाकांभोवती सगळी पोरं मांडी घालून गप्प बसली होती. मी पायाशी उभी राहून कापडाची घडी सारखी करत होते.

नेमक्या त्या क्षणी दारात वहिनी आल्या.

त्यांनी जे पाहिलं ते कोणीही पाहिलं असतं तर तेच समजलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. चौकट धरली आणि तिथेच खाली बसल्या. मी पाणी घेऊन धावले. माझ्या हातातलं पाणी त्यांनी घेतलं नाही. तोंडातून एवढंच आलं, "उशीर झाला मला."

आवाज ऐकून सरांनी डोळे उघडले आणि उठून बसले.

वहिनींनी डोळे फाडून पाहिलं. मग तोंडाला पदर लावून रडल्या, आणि रडता रडताच उठून सरळ बाकांपाशी गेल्या. "काय वो! तुमचा कापड आनाया मी मेली व्हती काय?"

"अगं, हा टोगा हाय," सर गडबडीने म्हणाले. "रोममध्ये—"

"चुलीत घाला तुमचा रोम!"

हे वाक्य शाळेत कितीतरी जणांच्या मनात होतं, पण कोणी बोललं नव्हतं. वहिनींनी एका दमात सगळं सांगितलं. काकूंनी काय पाहिलं, फोन कसा लागला नाही, येताना बस कशी पुढे सरकेना. सर ऐकत होते. शेवटी त्यांनी अंगावरच्या कापडाकडे पाहिलं, मुठीत धरून पाहिलं. त्या कापडात टोग्याशिवाय आणखी काही दिसू शकतं, हे त्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"यशोदेला असं वाटलं?" ते म्हणाले.

"तिला कशाला, मला पन वाटला. घरात हाय कोन तुमच्या, आनून ठेवाया?"

सरांनी मुठीतलं कापड सोडलं. मी पोरांना बाहेर घालवणार होते, ते राहूनच गेलं. सर बोलले तेव्हा आवाज शिकवायचा नव्हता.

"मंदा, मला बोलवता आलं न्हाय. दर साली पोरं घेऊन येत व्हतो, ते त्याच्यासाठीच."

"ते काय मला कलत नव्हता? कुंडावर आलेली मान्सं येवढी खडीसाखर नेतात काय?"

"मग तू तरी बोलायचं."

"तुमी मास्तर," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "बोलनं तुमचा काम. मी आपली वाट बगत व्हती."

आता सर म्हणतील, की रोममध्ये बायका अशा वेळी अमुक करत, याची मला धास्ती होती. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुकान?"

"उगडा टाकून आली. यशोदेला बसवलाय. ती येडी कुनालापन कायपन देल. मला जाया होवा."

"मी येतो," सर म्हणाले. ते बाकावरून उतरले, टोगा डाव्या हातावर घेतला आणि चालायला लागले. "सर, तालीम?" पोरं ओरडली. "बाई घेतील," ते मागे न बघता म्हणाले. मी नाटकातलं काय घेणार होते, पण मीही हो म्हटलं.

नाटकाचं सांगायचं तर ते शनिवारी शेवटापर्यंत झालं. प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले, भाषण लांबलं, तरी मोठ्या बाईंनी कात्री लावली नाही. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम ऐन वेळी एका मुलीला दिलं आणि तिने ते दणदणीत केलं. पण मला त्या नाटकापेक्षा आदल्या आठवड्यातला एस.टी. स्टँडच जास्त आठवतो. कारण पॅंट खुंटीवरच राहिली, हे माझ्या लक्षात आलं आणि ती पिशवीत घालून मी त्यांच्या मागे धावले होते.

बस लागलेली होती. खिडकीतून माणसं वाकून बघत होती. सरांचा डावा हात टोग्यात अडकलेला, उजव्या हातात वहिनींची पिशवी. दांडा धरायला हातच मोकळा नव्हता. पायरीवर ते डगमगले, तेव्हा वहिनींनी मागून त्यांचा दंड धरला आणि वर चढवलं. जागा मिळाल्यावरही दंड सोडला नाही. मी खिडकीतून पिशवी आत दिली.

कंडक्टर पोरसवदा होता. तो तिकिटाचं मशीन हातात धरून सरांकडे बघतच राहिला. मग वहिनींना म्हणाला, "मावशी, हे काय नाटकातले का?"

"न्हाय रं," वहिनी म्हणाल्या. "माज्या घरातले." आणि कमरेची पिशवी सोडत त्यांनी वज्रेश्वरीचं सरांचं एक फुल आणि आपलं बायकांचं एक हाफ मागितलं.